झारेकऱ्याची मुलगी शिसं कापते

बजाजनगरच्या प्रयोगशाळेत मे महिन्यात
कूलरचं पाणी दुपारी दोनलाच संपतं.
मी शिशाची कांडी लेथला लावते,
एका टोकाला सोन्याचा पातळ मुलामा,
दोनशे अंशांवर आठवडाभर ठेवून काढलेली,
आणि कापत जाते.
चकती. चकती. चकती.
कुठल्या चकतीत किती सोनं पोचलं
ते यंत्र मोजतं. मी लिहिते.

सोनं बोटभर आत गेलेलं असतं.
तेवढ्या दिवसांत शिशाचा आपला अणू
केसाच्या जाडीइतकाही हलत नाही.
तो वाट बघतो. शेजारचा उठेल,
जागा रिकामी होईल, मग सरकू.
सोनं जागा मागतच नाही,
फटीफटीतून निघून जातं,
सराफा ओळीत हातगाडी आणि गाय यांच्या मधून
पोरगं सायकल काढतं तसं.

पण सोनं थोडं वाढवा, चाल मंदावते.
खेडीकर मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं:
एक रिकामी जागा, तिच्यात दोन अणू,
एकमेकांना धरून बसलेले.
आता कुठं जायचं तर दोघांनी मिळून.
याला दोष म्हणायचं, त्या म्हणाल्या,
आणि हे करणारा राजधातू.
मी मान डोलावली.
इतवारीत आमच्या एका खोलीत
पडद्याच्या अलीकडे आम्ही तिघं, पलीकडे थोरला आणि वहिनी.
मला हे फळ्यावर बघायची गरज नव्हती.

बाप उरकुडा.
आधीची दोन गेली म्हणून आजीनं
उकिरड्यावर ठेवून उचलून आणलेला.
पहाटे चारला सराफांच्या उंबऱ्यातली धूळ
पैसे मोजून विकत घ्यायचा, झाडून आणायचा,
टबात धुवायचा, उरलेला गाळ
टाकणखार आणि शिशासोबत भट्टीत.
मी भाता ओढायची.
"शिसं सारं गिळते, बाई.
मंग हाडाच्या राखेची वाटी शिसं गिळते.
उरते थे आपलं."
उरायचं मोहरीएवढं.
कधी तेही नाही.
धूर मात्र रोज, खोलीभर,
आणि वर त्याचा जर्दा.

मेडिकलमध्ये त्याचं मनगट लोंबत होतं.
हात उचल म्हटलं की कोपर उचलायचा,
पंजा खालीच, ओल्या फडक्यासारखा.
हिरडीवर निळी रेघ.
शिकाऊ डॉक्टर पोरसवदा होता,
मी प्रयोगशाळेत काम करते कळल्यावर खुलून बोलला:
हाडात चुना असतो ना,
शिसं त्याच्याच जागी जाऊन बसतं, शरीराला कळत नाही.
वर्षानुवर्षं बसतं.

म्हणजे फटीतून नाही.
जागेवर.
मी त्याच्या रिपोर्टच्या पाठीमागं
चौकटी काढत बसले, चुना, चुना, शिसं, चुना.
बापानं विचारलं, का लिहून राह्यली वं?
काही नाही म्हटलं.
"सोनं सापडलं का माह्यात?"
आणि हसला, हसताना खोकला.

गंगाबाई घाटावर तिसऱ्या दिवशी
राख सावडायला थोरला वाकला, मीही वाकले.
बायका नसतात, कुणीतरी म्हणालं,
वहिनीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं.
राख गरम नव्हती. हाडाचे तुकडे हलके, भाजलेले,
आमच्या वाटीसाठी आणायचो त्याच पांढऱ्या रंगाचे.
चिमूटभर घेऊन मी दोन बोटांत चोळली,
उन्हाकडे धरली.
सवय. दुसरं काही नाही.
थोरल्यानं बघितलं.
त्यानंही तेच केलं.

आज एकतिसावी चकती.
यंत्रानं आकडा दिला तो पुन्हा मोजायला लावला,
वहीत एका रकान्यावर "दोष" लिहिलेलं आहे,
अक्षर माझंच.
कूलरमध्ये पाणी टाकायला शिपाई आला,
बादली ठेवून म्हणाला, मॅडम, हात धुऊन जेवा हं,
शिसं आहे ते.
हो, म्हटलं.
साबणानं दोनदा धुते मी.
नखांत मात्र राहतंच.