नूतनीकरण

वर्षाचे पासष्ट डॉलर.
व्हर्ना पाकिटाच्या पाठीवर बेरीज मांडते:
अंडी साठ, खपतात चाळीस,
ब्रेड निम्मा बुरशीला,
पेट्रोलमागे चार पैसे सुटतात खरे,
पण गाडी जाते कुठे?
चर्चला, आणि त्याच दुकानाला.

बाहेर ड्युलूथचं बंदर गोठलेलं.
इल्सा तळघरातून ओरडते,
टॉयलेट पेपर मोजला गं,
नातवाच्या लग्नापर्यंत पुरेल.
नातू सहावीत आहे.

आणि मस्टर्डची ती बरणी,
बादलीएवढी, सीलसुद्धा न फोडलेली.
"ही संपवायची तर
मला ब्याण्णवपर्यंत जगावं लागेल!"

व्हर्नाची पेन्सिल थबकते.
हातचा एक
धरायचा राहिलाच होता.

"मग भर पैसे," ती म्हणते,
"आणि येताना सॉसेज आण.
मोठं पाकीट."