ओठ न मिटता

पहाटे पाचची गाडी. मिरज डेपो.
चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून
खाकी ड्रेसवर.
मला वाटलं, झोप उतरली नाही अजून.

दस्तगीरभाईंनी आरशात बघितलं
आणि स्टार्टरवरचा हात थांबवला.
"ताई, तोंड कुठं चाललंय तुमचं?"
तोंड उजवीकडं चाललं होतं.
डावी बाजू स्टँडातच उभी.

सासूबाई म्हणाल्या, वारं गेलं तोंडावरनं,
काल दंडोबाच्या वळणाला खिडकी उघडी टाकलीस.
आणि जायफळ उगाळायला बसल्या.

दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीत
मी नाव सांगितलं: भामा.
ओठ मिटलेच नाहीत.
आतल्या बाईनं लिहिलं: हवा.
हवा तोडकर, वय सत्तेचाळीस.

डॉक्टर पोरगेलेसे. म्हणाले, कपाळाला आठी घाला.
अठरा वर्षं सुट्टे नसणाऱ्यांना घातलेली आठी
अर्धीच आली.
डॉक्टर खूश.
"कपाळही गेलंय, म्हणजे मेंदू शाबूत आहे."
कपाळ गेल्याबद्दल
माझं कुणी पहिल्यांदाच अभिनंदन करत होतं.

मग त्यांनी माझ्याच जुन्या तिकिटाच्या पाठीवर रस्ता काढला:
मेंदूच्या बुडातून एक नस निघते,
कानामागच्या हाडातल्या बोगद्यात शिरते.
दोन वळणं, एकेरी वाट, साइडपट्टी नाही.
बाहेर पडली की गालात पाच फाटे,
कपाळाचा, डोळ्याचा, गालाचा, हनुवटीचा, मानेचा.
"नस सुजलीय. आणि हाड काही सरकून जागा देत नाही."
मला कळलं.
अरुंद पुलावर समोरनं उसाची ट्रॉली आली
की आमचंही असंच होतं.
"बेल्स पाल्सी म्हणतात याला."
"साहेब, पण बेलची दोरी तर मी उजव्या हातानं ओढते,"
असं मी म्हटलं. त्यांना काय ऐकू गेलं, देव जाणे.

सहा गोळ्या, मग पाच, मग चार.
रात्री डोळ्यावर चिकटपट्टी, नाहीतर तो उघडाच झोपतो.
कुकरची शिट्टी डाव्या कानात कारखान्याच्या भोंग्याएवढी.
सावळजच्या नणंदेनं बेदाणे आणले,
उजवीकडं गोड, डावीकडं खडे.

पडल्या पडल्या मी गावं म्हणून बघायची.
ओठ न मिटता कुठंकुठं जाता येतं?
तासगाव येतं. जत येतं. कुंडल, आष्टा,
कडेगाव, नांद्रे.
पलूस येत नाही. भिलवडी नाही, बुधगाव नाही, म्हैसाळ नाही.
आणि जिथं मी राहते, ते मिरज नाही.
अर्धा जिल्हा दोन ओठांनी धरून ठेवला होता,
मला पत्ताच नव्हता.

सातव्या आठवड्यात, आरशापुढं,
गालाचा एक धागा हलला.
मासोळीनं पाण्याखाली शेपूट हलवावी, तेवढाच.
सासूबाईंना हाक मारली नाही.
आधी म म्हणून बघितला.
मग मि. मग मिरज.

आता ड्युटीवर आहे.
नस परत वाढताना काही गाड्या चुकीच्या फाट्याला लागल्या,
असं डॉक्टर सांगतात, आणि हेही सांगतात
की चुकलेली गाडी आता तशीच जाणार.
भाकरी चावताना डावा डोळा भरून येतो.
पोरगी विचारते, कुणी काय बोललं का गं तुला?
आणि "पलूस, पलूस" पुकारलं
की प्रत्येक प-ला तोच डोळा मिटतो.

परवा नांद्र्याला एक आजोबा चढले,
हातात एक्सरेची पिशवी.
माझ्या तोंडाकडं नीट बघितलं,
मग त्यांनीही एक डोळा मिटला, सावकाश,
आणि सुट्टे पैसे
मोजून दिले.