तेरा किलो

हर्णैच्या लिलावातला काटा सोलकरने टेम्पोतून आणला,
अजून त्याला सुरमईचा वास.
सड्यावर, कातळ सपाट करून केलेल्या आमच्या पट्टीच्या टोकाला
विमानाचं एकेक चाक आम्ही त्यावर चढवलं
आणि वहीत आकडे मांडले.
मी: चौऱ्याऐंशी.
बुटांसकट सांग, सोलकर म्हणाला.
मी: पंच्याऐंशी.

कागदावर साडेचारशेची रेघ.
आम्ही तिच्या अलीकडे नऊ किलोंवर उभे.
पॅराशूट तेराचं.

नवातून तेरा जात नाहीत.
शाळेत शेजारून दशक उसना घ्यायचो,
इथे शेजारी फक्त पेट्रोल.
सहा लिटर कमी भरायचं,
म्हणजे दाभोळच्या खाडीपलीकडून परत यायला
हाताशी वीस मिनिटं कमी.
वीस मिनिटांची भीती वाढवायची
आणि दुसरी एक भीती सीटमागे घडी करून ठेवायची,
नायलॉनची, दोरांसकट,
वर एक छोटं रॉकेट,
सहा वर्षांनी कारखान्यात धाडून घडी बदलून आणायची.

मस्करेन्हास सरांनी आम्हा दोघांना उडायला शिकवलं.
फोनवर खोकत ते म्हणाले,
छत्री असली की माणूस ढगात शिरतो,
नसली की घरी बसून चहा पितो.
मग थोड्या वेळाने:
माझ्या एका पोराकडे नव्हती.
नाव सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

माझे वडील तांडेल.
बोटीवर जाकिटं होती, सरकारी, नारिंगी,
ती कायम खालच्या खणात, जाळ्यांच्या ढिगाखाली.
अंगात घातलं की दर्याला वाटतं पाहुणा आला, म्हणायचे.
ते अंथरुणात गेले, म्हणून त्यांचं बरोबर,
असं मला बरीच वर्षं वाटायचं.

सोलकरचा हिशेब वेगळा.
सड्याची धार संपली की खाली एकदम समुद्र.
छत्री उघडली तरी उतरणार पाण्यात,
पाण्यात उतरायचं तर जाकिटं हवीत,
जाकिटांचं पुन्हा वजन.
जपणुकीला पिल्लं होतात, तो म्हणाला,
आणि काट्यावर पिल्लंही मोजावी लागतात.

दर्शनाने चहाचे कप उचलता उचलता हे सगळं ऐकलं.
आतून तांदळाची गोणी ओढत आणली,
जाडा, उकडा, तेरा किलो मोजून,
तोंड सुतळीने बांधलेलं.
आधी हिला फिरवून आणा, म्हणाली,
उडतं का ते तरी बघा.

सकाळी सव्वासात. मतलई वारा.
सहा लिटर कमी.
गोणी सीटमागे पट्ट्याने आवळलेली.
पट्टी जरा आखूड वाटली, इतकंच.
मग मुरुडची सुरूची बनं, कर्दे, लाडघर,
खाली दाभोळची फेरीबोट,
तिच्यावर एक टेम्पो आणि चार स्कूटर.

खाडीच्या ऐन मध्यावर इंजिनाला ठसका लागला.
दोनदा.
तिसऱ्याची वाट बघत बसलो, तो आला नाही.
पुन्हा तीच गुरगुर.
सोलकरची नजर तेलाच्या काट्यावर,
त्याने पाहिलं नाही, म्हणून सांगतो:
माझा उजवा हात मागे गेला होता
आणि सुतळीची गाठ घट्ट धरून बसला होता.

रात्री त्याच तांदळाचा भात, बांगड्याचं कालवण.
वाढताना दर्शनाने विचारलं, हाताला काय झालं?
तळव्यावर आडवा वळ.
दोर, म्हणालो.
कुठला दोर, ते तिने विचारलं नाही.

कंपनीचा माणूस किमतीवर अडून बसलाय.
मीही.
वहीत मात्र माझ्या नावापुढचा आकडा खोडून
एक्क्याऐंशी लिहिलंय,
आणि रोज संध्याकाळी सड्यावर चालायला जातो,
धारेपर्यंत आणि परत,
बुटांसकट.