रवन्ना

तिघऱ्याच्या पाण्यावर रामहेतने वल्हं थांबवलं.
"आधा घंटा, बस. फिर अंधेरो हो जाएगो."
नाव टेकली ती घाटाला नव्हे,
टाकून दिलेल्या चिऱ्यांच्या ढिगाला.

आधी नरहरकाका उतरले.
एक्याऐंशीव्या वर्षी, माझ्या खांद्यावर एक हात,
दुसऱ्या हातात चपला.
छत्तीस वर्षं लष्करच्या खनिज कचेरीत बसून
त्यांनी या गावाचे रवन्ने फाडले:
ट्रक नंबर, घनफूट, रॉयल्टी, सही.
गाव कधी पाहिलंच नव्हतं.
"कागदावर मोठं वाटायचं गं," म्हणाले.

एक गल्ली. पटियांची छपरं.
गंजून अर्धा जमिनीत गेलेला वजनकाटा,
त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या.
दवाखान्याला कुलूप,
दारावर छातीच्या आजाराचा पुसट फलक.
खाटांवर म्हाताऱ्या होत्या, बऱ्याच.
म्हातारे नव्हते.
हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

खाणीत आता हिरवं पाणी, तीन म्हशी.
कापलेल्या कड्यात बारीक आडव्या लहरी,
कुठल्या तरी जुन्या, उथळ समुद्राच्या.
आमच्या न्हाणीतल्या फरशीवर अशाच आहेत.
लहानपणी त्यांवर टाच घासायचे मी.

कटोरीबाईने चहा दिला, पैसे आधी घेतले.
काकांनी विचारलं, कचेरीतल्या आवाजात,
"दिन में कितने ट्रक निकलते थे यहाँ से?"
"ग्यारा," ती म्हणाली. "दिवारी पे आठ.
हमाए आदमी ही तो भरत हते."

काका पेल्यात बघत राहिले.
साय धरली तरी बघत राहिले.
मग मराठीत म्हणाले, तिला कळू नये म्हणून,
"मी चार लिहायचो."
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी सांगितलं, चहा छान झालाय म्हणतायत.

परतीला वारा समोरून.
कोणी बोललं नाही, एका पोराचं नाक सोडून.
धक्क्यावर रामहेतने कंदिलाशी वही धरली,
बोट ओलं करून पान उलटलं,
लिहिलं: सवारी चार.
आम्ही सहा होतो. वर एक सायकल.

काकांनी ते पाहिलं.
खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं,
जरा वेळ उघडंच ठेवलं,
आणि लावून टाकलं.

टेम्पोत बसल्यावर, बऱ्याच वेळाने,
पायांकडे बघत म्हणाले,
"एक चप्पल तिकडेच राहिली बघ."