पुरून उरेल

कोर्चात थंडी उतरली की
आधी गाडी खोकते, मग लुमतुरी.

स्केंदरने हॅम्बुर्गहून आणली तेव्हाच
दोन लाख किलोमीटर झालेले.
"जर्मन आहे," म्हणायचा, "आपल्याला पुरून उरेल."
त्याला उरली.

डॅशबोर्डच्या कप्प्यात त्याची वही:
वॉटर पंप. इंजेक्टर, दोन. पुन्हा वॉटर पंप.
आकड्यांपुढे कधी शिवी, कधी नुसती रेघ.
मुलीच्या लग्नाचा खर्च मात्र
कुठेच लिहिलेला नाही.

आज पेत्राक मेकॅनिक हात पुसत म्हणाला,
"टायमिंग चेन गेलीय. इंजिन उतरवावं लागेल.
तेवढ्यात अशीच दुसरी येईल, मावशी."

"अशीच?"

तिने वही उघडली. तारीख घातली.
"आकडा सांग."

आणि आकड्यापुढे, सावकाश, सुवाच्य अक्षरात,
आयुष्यातली पहिली शिवी लिहिली.