किनारीच्या तीन प्रती

मे महिना. सदरच्या बँकेबाहेर
स्कूटरच्या डिकीत राहिली ती, बारा ते चार.
बाहेर सेहेचाळीस. आत किती, कोणास ठाऊक.
तळहाताएवढी काळी डबी,
तिच्यात बाबांच्या नऊशे बारा किनारी,
आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढलेल्या.
दोन हिवाळे बसून मी स्कॅन केल्या
वाळवी पोचण्याआधी.
मग वाळवी पोचली. ती वेळेची पक्की.

घरी येऊन लावली, तर
टक्. टक्. टक्.
आई आतून म्हणाली,
"माग कोन चालवून राह्यलं बे?"
गोळीबार चौकातला आमचा शेवटचा माग
विकून एकवीस वर्षं झाली.

सीताबर्डीला, तिसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या तोंडाशी निखारे बसतो.
मेलेली डिस्क कानाला लावतो
टरबूज पारखावं तशी.
"पडली?"
नाही.
"तापली?"
मी गप्प.
"दुसरी कॉपी?"
मी आणखी गप्प.
तोही काही बोलला नाही. पावती फाडली.
पावतीवर छापलेलं: डेटाची हमी नाही.

सतरा दिवसांनी पाचशे चाळीस परत आल्या.
करवती आली, चटई आली.
रुईफूल अर्धंच उघडतं,
खाली राखाडी पट्टा,
बाणा मध्येच संपल्यासारखा.

मग मी शहाणी झाले,
म्हणजे आधी आणखी मूर्ख झाले.
इतवारीत हातगाडीवर घेतला
दोन टीबीचा पेनड्राइव्ह, साडेचारशेला.
सगळं घेत गेला तो, हो हो म्हणत.
नावं दाखवली, आकडे दाखवले,
उघडायला गेले तर आत कोणीच नाही.

निखारे तेव्हा पहिल्यांदा हसला.
"भरून पाहाची, ताई, मंग काढून पाहाची.
नुसती भरली म्हनजे ठेवली नाई होत.
ही घ्या, हिच्यात फिरत काहीच नाई.
ही फिरनारी, पन दुसऱ्या कंपनीची.
दोघी एकाच दिवशी नाई मरत.
अन् तिसरी या गावात ठेवूच नका."

गावाबाहेर माझं कोण?
मोहाडीला चुलतभावाला फोन केला.
भोजराज म्हणाला, "पाठव. पट्टीपाशी ठेवतो."

कोणती पट्टी?

बाबा, तुम्ही कधी सांगितलं नाहीत.
गल्लीला आग लागली त्या सालापासून
मला न दाखवता
वीतभर जास्तीची किनार विणायची,
कापायची, आधीच्या तुकड्याला जोडायची,
आणि गुंडाळी मोहाडीला, भावाकडे.
भोजराज दर दिवाळीनंतर ती सावलीत उलगडतो,
कडुनिंबाचा पाला बदलतो,
आणि उलट्या बाजूनं गुंडाळतो,
म्हणजे घडी एकाच जागी चावत नाही.
"काकानं सांगून ठेवलं होतं," म्हणतो,
यात विचारण्यासारखं काय, अशा आवाजात.

मला हव्या होत्या तीनशे बहात्तर.
पट्टीवर मिळाल्या एकशे एकोणतीस.
बाकीच्या गेल्या.
त्यांची नावंही मला येत नाहीत,
फाइलला मी नुसते आकडे दिले होते.

आता नावं देते. आईला विचारून.
तिला कधी आठवतं,
कधी ती बोटं हवेत चालवते
आणि म्हणते, "हे. हेच त्याचं नाव."
मी तेही लिहून ठेवते, जमेल तसं.

तिसरी प्रत काल गेली,
जुन्या सुती पातळात गुंडाळून,
तुमसरच्या गाडीत, भोजराजच्या पोराच्या मांडीवर.
डिकीत नाही, टपावर नाही, मांडीवर,
असं दोनदा बजावून.

रात्री फोन.
"पोचली."
लावून पाहिली?
"थांब, लावतो."

मी श्वास धरून ऐकते.
तिकडे पंखा, कुत्रं, खुर्ची सरकल्याचा आवाज.
टक् नाही.

"रुईफूल उघडलं," तो म्हणतो.
अर्धं?
"नाही. पट्टीवरून काढलेलं ना हे.
खालपर्यंत आहे."