राखेचा डोंगा

जुना डोंगा दोघांचा.
तिसरं माणूस बसलं की काठ पाण्याला टेकतो,
आणि शिंगाड्याच्या दिवसांत तिसरं माणूस म्हणजे पोतं.
पोरं बांधावर उभी, हाका मारत.

पलीकडे माझं माहेर.
सडकेनं सतरा किलोमीटर, दोनदा गाडी बदलायची;
पाण्यावरून मात्र आईच्या चुलीचा धूर दिसतो,
आज उशिरा पेटली, हेही कळतं.
सात वर्षांत आम्ही सगळे मिळून
एकदाही तिकडे गेलो नाही.

म्हणून या वर्षी मोठा घ्यायचा, ठरलं.
कोणता, ते ठरेना.

तालुक्याच्या तलावावरचं बोटिंग बंद पडलं,
तिथे मोहाखाली तीन नावा पालथ्या.
एक बदक, मान तुटलेलं.
एक चिरलेली.
तिसरी फायबरची, वरून सपाट,
दोन्ही बाजूंनी बाक, छताला पाइप,
आणि पोटावर निळ्या अक्षरांत ‘आनंद विहार’.
चौकीदार म्हणाला, बारा माणसं आरामात.
सोविंदानं बारा माणसं मनात बसवली,
चेहऱ्यावरून दिसत होतं मला.

दसरू सुताराचं वेगळंच.
त्यानं लाकडावर नख मारलं नि म्हणाला,
‘लाकूड पानी पेते, फुगते, सांध्याले सांधा भिडते.
फायबर काय पेते?’
त्याचा डोंगा सोळा फुटी, पैसे जास्त,
आणि दिवाळीशिवाय मिळायचा नाही.

सोविंदा माप घेऊन आला होता जाळ्याच्या दोरीवर,
गाठी मारून. अठरा फूट, रुंदी सहा.
मी चुलीतली राख सुपात घेतली
आणि अंगणात नाव काढली,
नाकाशी निमुळती, मागे चपटी,
तुळशीला वळसा देऊन.

बसा म्हटलं सगळे.
प्रज्वल टोकाला बसला, वल्ह्याऐवजी खराटा घेऊन.
नणंद रायवंती पाय पसरून,
तिचं गुडघ्याचं दुखणं अर्धा फूट जागा घेतं.
मधे जाळी, डबा, शेळीसुद्धा,
कारण तिला मागं कुणाच्या भरवशावर सोडायचं?
आईसाठी एक पाट मी रिकामा मांडला.
मावले सगळे. अजून जागा उरली.
सोविंदा हसला, जणू नाव सुटलीच.

मामाजी राखेच्या बाहेर उभे.
चाळीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस
अंगणातल्या नावेत पाय ठेवेना.
‘उंच किती हाय?’ एवढंच विचारलं.
उंचीची गाठ दोरीला नव्हतीच.
लांबी मोजली, रुंदी मोजली,
पाण्यापासून आपण किती वर बसू, ते राहिलं.

मग चौकीदाराला फोन.
त्यानं काठीनं मोजून सांगितलं: सव्वादोन फूट.
सोविंदानं दोन पाट रचले, त्यावर उखळ पालथं घातलं,
लावण्याला वर पालथी झोपवली.
तिनं हात खाली सोडला, बोटं ताणली,
खांदा निखळेल इतकी ताणली.
‘आई, पानी लागत नाही.’

शिंगाडा हातानं तोडतात, वेल उलटवून.
जाळं कमरेतून ओढतात, वाकून.
हे आम्हाला कुणी सांगावं लागू नये,
तरी तिघं मोठी माणसं
एका पोरीच्या बोटांकडे बघत राहिलो.

दसरूला दुसऱ्या दिवशी विसार दिला.
सोळा फूट, काठ नीचा,
मागे तीन फळ्या आडव्या, रायवंतीच्या पायांपुरत्या.
सोविंदा दोन दिवस बोलला नाही,
तिसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन
‘आनंद विहार’चे दोन बाक तेवढे घेऊन आला,
साडेचारशेत.
ओट्यावर ठेवलेत. कुणी आलं की आम्ही त्यावर बसवतो.

त्या रात्री आईचा फोन.
‘किती जन मावतीन?’
मी दारातून बघत मोजलं.
वारा सुटला होता, नावेची एक बाजू उडून गेली होती,
आणि शेळी बरोबर तुझ्या जागी बसलीय,
असं म्हणणार होते.
‘शेळी धरून आठ,’ म्हटलं, ‘आनं तू.’
‘शेळी कायले?’ ती म्हणाली,
आणि बराच वेळ शेळीवरच बोलत राहिलो.